हिवाळ्यात घर विकायला काढलंय? गिऱ्हाईक पाहायला यायच्या आधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी लागली की आपल्याकडे घरं विकायला निघतात. घेणाऱ्याच्या हातात याच दिवसांत पैसा असतो आणि पुण्या-मुंबईला गेलेली पोरंही याच दिवसांत गावाकडे चक्कर मारतात. मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे राहते. सासऱ्यांचं घर, मग नणंदेचं, मग गल्लीतली दोन अशी चार घरं विकताना मी जवळून पाहिली, चारही हिवाळ्यातच, आणि चारही ठिकाणी पहिली चूक एकच झाली. घर विकायचं ठरलं की दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणला.

रंग शेवटून दुसरं काम आहे. आधी घर रिकामं, मग कोरडं, मग दुरुस्त, मग रंग, मग उजेड. हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात आणि गिऱ्हाईक एकदाच येतं. गावात तर एकाने "ओल आहे त्या घरात" म्हटलं की पुढचे चार जण पाहायलाही येत नाहीत. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिले. आमची घरं म्हणजे मातीच्या किंवा विटांच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं नाहीतर टिन, पुढे छपरी, मागे सांदवाडी म्हणजे परस, तेव्हा तशाच घराचं लिहिते. स्लॅबचं घर असेल तर छपराचा भाग सोडून बाकी सगळं लागू आहे.

## १. आधी तारखा मांडा

कॅलेंडर घ्या आणि कमीत कमी एक महिना मोजा. पहिला आठवडा कागद आणि घर रिकामं करणं, दुसरा-तिसरा ओल, भेगा, छप्पर, चौथा रंग आणि साफसफाई. भिंतीत ओल निघाली तर ती वाळायलाच तीन आठवडे लागतात, तेव्हा रंग तेवढा पुढे धरा. रंग झाल्यावर आठ दिवस मोकळे ठेवा, वास जाऊ द्या, मगच लोकांना बोलवा.

पौष महिना लक्षात ठेवा. तो दर वर्षी थोडा मागे-पुढे होतो, साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात लागतो आणि महिनाभर असतो, आणि आपल्याकडे बरेच लोक पौषात सौदा करत नाहीत, इसार देत नाहीत. पण पाहायला येतात! उलट शेतीची कामं जरा उरकलेली असतात म्हणून निवांत येतात, दोन-दोन चकरा मारतात. म्हणजे घर पौष लागायच्या आधी तयार पाहिजे, पौषात दाखवायचं, माघात बोलणी पक्की. आमच्या गल्लीतल्या एकाने "आता पौष आहे, कोण येते" म्हणून काम संक्रांतीनंतर सुरू केलं आणि तोवर त्याच्याकडे येणारे दोघं जण दुसरीकडे घर पाहून मोकळे झाले होते.

## २. कागद एका फायलीत

हे थोडक्यात सांगते, पण टाळू नका.

गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, चालू वर्षाची घरटॅक्स पावती, पाणीपट्टीची पावती, लाईट बिल. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद. ती असली म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नसतं, म्हणून मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र काय असेल ते शोधून ठेवा. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेतीच्या खात्याचा. लोक हमखास तोच घेऊन येतात आणि घेणारा म्हणतो हा कशाला. आखीव पत्रिका असेल, किंवा स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल, तर तिचा ताजा उतारा काढून घ्या.

घर सासऱ्यांच्या, आजोबांच्या नावावरच राहिलं असेल तर वारस नोंद आधी. आणि बहिणींना विचारा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. "ती काही मागत नाही" हे तोंडी चालत नाही, हक्कसोडपत्र करायचं असेल तर ते रजिस्टर व्हावं लागतं, नाहीतर तिला विक्रीत सही करायला बोलवा आणि तिचा वाटा तिला द्या. माझ्या नणंदेच्या वेळी हे आधी बोलून घेतलं म्हणून नाती शाबूत राहिली.

तपासा: नमुना ८ वरची लांबी-रुंदी आणि जागेवरची लांबी-रुंदी टेप लावून जुळवा. फरक असेल तर तो तुम्हाला आधी माहीत पाहिजे, गिऱ्हाईकाच्या तोंडून कळायला नको.

## ३. घर रिकामं करा, सुरुवात कापसापासून

भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरातच भरून ठेवतो, आणि घर विकायचा मोसमही नेमका तोच. बैठकीत छतापर्यंत कापूस, माजघरात सोयाबीनची पोती, छपरीत तुरीच्या कट्ट्यांची जागा धरून ठेवलेली. घेणाऱ्याला खोली दिसतच नाही हो. बारा बाय चौदाची खोली त्याला आठ बाय आठची वाटते.

आणि खाज. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते हे आपल्याला सवयीने जाणवत नाही. आमच्याकडे पाहायला आलेल्या एका कुटुंबातली सून कडेवरचं लेकरू घेऊन त्या खोलीत उभी होती. दोन मिनिटांत लेकरू हात खाजवायला लागलं, कोपराच्या आतल्या बाजूला लाल ठिपके, ती काही न बोलता बाहेर छपरीत जाऊन उभी राहिली आणि तिथूनच नवऱ्याला म्हणाली, "चला." घर त्यांना पसंत पडत होतं, कापसाने गेलं.

म्हणून एकतर कापूस विकून टाका, नाहीतर भावाच्या, शेजाऱ्याच्या खोलीत हलवा. तेही जमत नसेल तर एकाच खोलीत भरून दार लावून घ्या आणि ती खोली शेवटी दाखवा, बाहेरून, लांबी-रुंदी सांगून. हलवल्यावर ती रिकामी खोली दोनदा झाडा, भिंती-आढ्यासकट, कारण कापसाची कुसं आणि पाचोळा मयालीवर, म्हणजे छताच्या लाकडी तुळईवर, जाऊन बसतो.

पोती उचलली की त्यामागे उंदरांची बिळं निघतील. शेतं मोकळी झाली की उंदीर घराकडे वळतात, हिवाळ्यात त्यांचा वास बंद घरात चढतो. बिळं काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. विष मात्र शेवटच्या पंधरा दिवसांत ठेवू नका, उंदीर भिंतीत मरतो आणि मग तो वास कशानेच जात नाही.

बाहेरचंही पाहा. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या (कापसाच्या-तुरीच्या वाळल्या काड्या), कुटार, गोवऱ्या हे सगळं भिंतीला टेकवून रचलेलं असतं. ते भिंतीपासून हात-दोन हात दूर घ्या. त्यामागे ओल धरते आणि उधई म्हणजे वाळवीही तिथूनच चढते. चौकटींना खालच्या टोकाला हाताच्या बोटांनी ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर समजा उधई लागली.

थांबा: कापूस घरात असेपर्यंत त्या खोलीत वेल्डिंग, पॉलिशचं काम, उघड्या वायरचा बल्ब, शेगडी, बिडी, काहीच नको.

## ४. ओल आणि भेगा, खरं काम इथे आहे

पाऊस ऑक्टोबरात थांबतो पण भिंती डिसेंबरातही आतून ओल्या असू शकतात, कारण थंडीमुळे आपण खिडक्या बंद करून बसतो आणि ओल बाहेर जायला वाटच उरत नाही. वरून हात लावला तर कोरडी, आत ओली. माझ्या सासऱ्यांच्या घरी हेच झालं. आम्ही डिस्टेंपर मारून घर चकाचक केलं, चौथ्या दिवशी एक वयस्क शेतकरी पाहायला आले. त्यांनी काही विचारलं नाही, बैठकीच्या मागच्या भिंतीला तळहात लावला, जरा थांबले, मग अंगठ्याने दाबलं. रंगाचा पापुद्रा फुटला आणि आतलं ओलं पांढरं पीठ अंगठ्याला लागलं. त्यांनी ते धोतराला पुसलं, म्हणाले, "रंग आताच मारला वाटते," आणि चहा न घेता गेले. मला आजही तो अंगठा दिसतो.

म्हणून आधी कळू द्या की ओल आहे का आणि कुठून आहे. पारदर्शक प्लास्टिकचा वहीच्या पानाएवढा तुकडा घ्या आणि जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा, मातीच्या भिंतीला पट्टी धरत नसेल तर काडीच्या पट्ट्या ठोकून बसवा. दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब आले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला आले तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे, खिडकी उघडायला लागा, दुरुस्ती नको.

भिंतीतून येत असेल तर कारण शोधायला बाहेर जा, आत नाही. बहुतेक वेळा यातलं काहीतरी निघतं:

- मोरीचं किंवा न्हाणीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरतंय
- कवेलूचं पाणी जिथे पडतं तिथे खड्डा झालाय
- दर वर्षी अंगणात मुरूम टाकून टाकून अंगण जोत्याच्या वर आलंय
- शेजारच्या कोठ्यात गुरं बांधतात आणि मूत याच भिंतीकडे उतरतं

माती भिंतीपासून खोदून खाली घ्या, उतार बाहेरच्या बाजूला करा, मोरीला पाईप लावा. हे दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे, रंगापेक्षा स्वस्त. मग ती भिंत तीन आठवडे उघडी ठेवा, तिच्यापुढचं कपाट, कोठी, दिवाण सगळं बाजूला, आणि रोज ११ ते ३ खिडक्या-दारं सताड उघडी.

खालून लोणा फुटलेला असेल, म्हणजे ते पांढरं खारट पीठ, तर कोरड्या ब्रशने झाडून घ्या आणि सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, पाण्याने तो खार विरघळून परत भिंतीत जातो आणि महिन्याने पुन्हा वर येतो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून ओल "दाबायची" हा सल्ला तर बिलकुल ऐकू नका, ओल आतच कोंडली जाते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलावा दोन वर्षांत ढेपाळून पडतो.

आता भेगा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीनंतर वाळत वाळत आकसते, उन्हाळ्यापर्यंत शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण पाहतोच. तेच घराच्या पायाखाली चालू असतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग डिसेंबरात रुंदावायला लागते ती यामुळेच. ती घाईने सिमेंटने बुजवली तर शेजारीच नवीन केसासारखी भेग येते आणि बुजवलेली जागा जखमेच्या पट्टीसारखी दिसते.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पाहा. पुढे सरकली नसेल तर भेग थोडी खरवडून रुंद करा, धूळ झाडा, भिंत मातीची असेल तर माती-चुन्याने आणि विटांची असेल तर गिलाव्याने भरा, वर जाळीची पट्टी दाबा. सरकली असेल तर बुजवू नका, पेन्सिलीच्या खुणा तशाच ठेवा आणि घेणाऱ्याला स्वतःहून दाखवा. गावचा माणूस काळ्या जमिनीची भेग ओळखतो, त्याच्या स्वतःच्या घरालाही असते. लपवलेली भेग तो माफ करत नाही. भेग बोट जाईल एवढी रुंद असेल किंवा भिंत बाहेर झुकलेली असेल तर मात्र आधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा, हे प्रकरण रंगरंगोटीचं नाही.

तपासा: तीन आठवड्यांनी प्लास्टिकची टेस्ट परत करा. थेंब आले तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका, तारीख पुढे ढकला.

## ५. छप्पर

कवेलू फेरायचं काम आपण उन्हाळ्यात करतो, पण निदान फुटलेली कवेलू तरी आता बदला, कारण हिवाळ्यातलं ऊन तिरपं येतं आणि खोलीत अंधार असेल तर फुटक्या कवेलूतून पडणारे उजेडाचे कवडसे जमिनीवर मोजता येतात. घेणारा मोजतो.

टिनाचं छप्पर असेल तर एक गोष्ट खास हिवाळ्याची. निरभ्र रात्री टिन बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतं, आणि घरातली वाफ, म्हणजे स्वयंपाकाची, झोपलेल्या माणसांच्या श्वासाची, त्याला आतून लागून पाणी होते. पहाटे थेंब टपकतात. सकाळी आलेल्या माणसाला वाटतं टिन गळतंय, आणि तुम्ही कितीही सांगा, डिसेंबरात पाऊस नाही तरी टपकतंय म्हणजे काहीतरी भारीच बिघाड आहे असं तो समजतो. उपाय सोपा आहे. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की अर्धा तास दार-खिडकी उघडी ठेवून वाफ जाऊ द्या, आढ्याजवळ झरोका असेल तर त्यात कोंबलेली पोती काढा. टिनावर आतून पडलेले जुने डाग ओल्या फडक्याने पुसा, आणि गिऱ्हाईकाला ११ च्या आत बोलावू नका. खरी गळती असेल तर स्क्रूची वायसरं बदला, तिथूनच बहुतेक गळतं.

## ६. रंग आणि सारवण

आता रंग. हिवाळ्यातला रंग उन्हाळ्यातल्यासारखा वाळत नाही. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि दर हिवाळ्यात विदर्भात दहाच्या खालच्या काही रात्री असतातच. अशा दिवसात संध्याकाळी ५ वाजता मारलेल्या ऑइल पेंटवर दहिवर बसतं आणि सकाळी चकाकी जाऊन तो मळकट दिसतो, मग दार परत घासा. पेंटरला सांगा, १० च्या आधी ब्रश लावायचा नाही आणि ३ नंतर नवीन भिंत धरायची नाही. रंगाच्या दोन हातांमध्ये, म्हणजे दोन थरांमध्ये, डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय त्याच्या दुप्पट द्या.

मातीच्या भिंतीला चुनाच बरा. चुना रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी कापडातून गाळा, पातळ करून दोन-तीन हात द्या. पहिला हात ओला असताना भिंत दिसतच नाही पांढरी, घाबरून जाड थर देऊ नका, वाळल्यावर पांढरी होते. प्लास्टिक पेंट मातीच्या भिंतीला श्वास घेऊ देत नाही, फुगे येतात.

स्वयंपाकघराचा काजळ लागलेला भाग आधी कोरड्या झाडूने झाडा, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, वाळू द्या, मगच चुना. काजळावर थेट चुना मारला की आठवड्यात पिवळे-तपकिरी डाग वर येतात आणि भिंत मारायच्या आधीपेक्षा वाईट दिसते.

सारवण पाहायच्या दिवशी सकाळी करायचं नाही. हे मी हात जोडून सांगते, कारण बायकांचं सगळं मन त्यातच असतं, पाहुणे येणार म्हणून पहाटे उठून सारवतात. डिसेंबरात सकाळी ६ ला सारवलेली जमीन ११ लाही ओली असते, पाय गार पडतात, वास कोंदतो. आदल्या दिवशी १० च्या सुमारास, पातळ हाताने, दारं उघडी ठेवून सारवा, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. फरशी असेल तरी तेच, आदल्या दुपारी पुसा, त्या दिवशी फक्त कोरडा झाडू.

## ७. दारं, उजेड, पायाखाली

पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून आपण दार रंधून घेतो आणि तेच दार हिवाळ्यात वाळून आकसलं की चौकटीत खडखड वाजतं, फटीतून गार वारा येतो. नवीन दार नको. बिजागरीचे स्क्रू आवळा, कडी सरळ करा, बिजागरीला तेलाचा थेंब द्या, फट मोठी असेल तर चौकटीला आतून लाकडी पट्टी मारा. प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी एका हाताने उघडली पाहिजे.

थंडी येते म्हणून खिडक्यांना लावलेले पुठ्ठे, पोती, फ्लेक्सचे तुकडे सगळे काढा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खूप आतपर्यंत येतं, उन्हाळ्यात येत नाही एवढं. तुमच्या घरात दुपारी १२ ला ऊन कुठे पडतं ते एक दिवस पाहून ठेवा, तीच तुमची बसवायची खोली. उत्तरेच्या खोल्या अंधाऱ्या आणि गार असणार, तिथे ९ वॅटचा नवीन एलईडी लावा, पिवळसर उजेडाचा, पांढऱ्या उजेडात गार खोली आणखी गार वाटते.

लोक चप्पल बाहेर काढून येतात हे विसरू नका. उघड्या फरशीवर पाय गारठले की माणूस दोन खोल्या पाहून मागे फिरतो. दारापासून बैठकीत आणि तिथून माजघरापर्यंत सतरंज्या, दऱ्या टाका, सलग. एवढी साधी गोष्ट, पण नणंदेच्या घरी ती केली तेव्हा आलेले लोक पाऊण तास घरात होते.

रजया, गोधड्या दोन दिवस उन्हात टाका आणि घडी करून एका जागी ठेवा. डांबरगोळ्या काढून टाका, बंद घरात त्यांच्या वासाने डोकं धरतं.

थांबा: घर गरम वाटावं म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, पाच मिनिटंही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा होतो आणि उठत नाही. शेकोटी पेटवायची तर अंगणात, आणि त्या दिवशी तीही नको, धूर आत शिरतो.

## ८. पाणी, लाईट, न्हाणी

न्हाणीतलं शेवाळ तारेच्या ब्रशने काढा. ब्लीचिंग पावडर वापरायची तर फक्त तीच, तिच्यासोबत फरशीचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. बालटीत टाकायचा हीटरचा रॉड काढून कपाटात ठेवा, गीझर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि त्या दिवशी चालू करून गरम पाणी दाखवा, थंडीत याचं मोल फार असतं.

जळके स्विच, लोंबत्या वायरी बदला. रब्बीच्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडतं आणि दिवे मिणमिणतात, आपल्या गावात कोणत्या वेळेला लाईट जाते ते पाहून बोलवायची वेळ ठरवा. विहीर असेल तर तिच्यातला गाळ-पाला काढा आणि एक बालटी ओढून दाखवा, थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, लोक हात घालून पाहतात आणि खूश होतात. पण मे महिन्यात पाणी कुठवर उतरतं ते विचारल्यावर खरं सांगा.

## ९. पाहायचा दिवस

वेळ ११ ते ३. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या पुढे सूर्य मावळतोच, चारपासून खोल्या अंधारतात. कोणी म्हणालं "जाता जाता सहाला येतो" तर नम्रपणे सांगा, दादा, उद्या दुपारी जेवूनच या ना, घर उजेडात पाहा.

- आदल्या दिवशी: सारवण किंवा फरशी, न्हाणी, अंगण. कोठ्यातलं शेण उचलून दूर.
- ९ वाजता: ऊन अंगावर आलं की सगळी दारं-खिडक्या उघडा. त्याआधी उघडली तर फक्त गारठा आत येतो.
- १० पर्यंत: स्वयंपाक उरकलेला. मिरचीची फोडणी त्या दिवशी नाहीच, आलेला माणूस ठसकत घर पाहतो.
- साडेदहा: अंगणात हलका सडा, चिखल होईल एवढा नाही. सतरंज्या टाका. दिवे लावून ठेवा, दिवसाही.
- ते यायच्या दहा मिनिटं आधी: गवती चहा आणि आलं घालून चहा ठेवा. तो वास पुरे, अगरबत्तीचा ढीग लावला की काहीतरी लपवताय असं वाटतं.

सासूबाई, आजोबा यांना घराबाहेर पाठवू नका. त्यांना उन्हात खाट टाकून द्या, अंगावर चांगली शाल द्या, आणि आधीच प्रेमाने बोलून ठेवा की घराबद्दल काय सांगायचं. आमच्या सासूबाईंनी एकाला सांगितलं, "या खोलीत सकाळी ऊन येते बापा, माझी चारही लेकरं इथंच न्हाऊ-माखू घातली." आम्ही सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा त्या माणसाला ती खोली पाहाविशी वाटली.

आधी उन्हाच्या खोलीत बसवा, पाणी, चहा. मग घर. ओलीची दुरुस्त केलेली भिंत आणि भेग मध्येच, तुम्ही स्वतः दाखवा, काय होतं आणि काय केलं ते दोन वाक्यांत सांगा. मग सांदवाडी, विहीर. कोणी मोबाईलवर दिशा पाहायला लागला तर थांबा, पाहू द्या, वास्तूवर वाद घालू नका. किमतीची गोष्ट घरात काढू नका, बाहेर उन्हात बसल्यावर काढा आणि ते काढतील तेव्हाच. घरातला एकच माणूस बोलेल हे आधी ठरवा. दोन भाऊ दोन आकडे बोलले की सौदा तिथेच पडतो.

## १०. ते गेल्यावर

वहीत लिहा: कोण आलं, कुठे जास्त वेळ थांबले, कशाला हात लावून पाहिलं, काय विचारलं. तीन जणांनी एकाच भिंतीला हात लावला असेल तर चौथ्याच्या आधी ती भिंत परत पाहा. दोन दिवस फोन करू नका.

खरं घेणारं माणूस दुसऱ्यांदा येतं, आणि दुसऱ्या खेपेला घरातली बाईमाणसं सोबत असतात. त्यांना चुलीची जागा पाहायची असते, भांडी घासायला पाणी कुठे टाकायचं, धान्याची कोठी कुठे बसेल, रात्री लेकरू उठलं तर न्हाणीपर्यंत किती पावलं. दिवे लावून द्या, सतरंज्या टाकून द्या, "पाहा बाई निवांत" म्हणा, आणि तुम्ही सगळे बाहेर ओट्यावर जाऊन बसा.